ट्यूब अँपला अटेन्युएटर किंवा रिअ‍ॅक्टिव्ह लोड लावताना काय सांभाळायचं?

तारस्वर
नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ५० वॉटचं ट्यूब हेड आहे. दोन ईएल३४, मास्टर व्हॉल्यूम नाही, मागे ४-८-१६ ओहमचा सिलेक्टर. कॅबिनेट चार स्पीकरचं, १६ ओहमचं. हे अँप व्हॉल्यूम सहाच्या पुढे गेल्याशिवाय बोलत नाही आणि सहावर नेलं की खिडकीची तावदानं थरथरतात. पेडल लावून पाहिली, चांगली आहेत. पण पॉवर ट्यूब जोरात चालू असताना पिकच्या जोराप्रमाणे जो सूर फुटतो, आणि गिटारचा नॉब जरा खाली घेतला की तोच सूर जसा निवळतो, ते पेडलमधून मिळत नाही.

म्हणून अटेन्युएटर, म्हणजे अँप आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज उतरवणारा खोका, घ्यायचं चाललंय. पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. एक म्हणतो ट्रान्सफॉर्मर जळतो, दुसरा म्हणतो वर्षानुवर्षं वापरतोय, काही झालं नाही. अँपला खरंच धोका असतो का आणि असेल तर नेमका कशामुळे? साधा रेझिस्टिव्ह (नुसत्या रेझिस्टरचा) पुरे की रिअ‍ॅक्टिव्हच (खऱ्या स्पीकरसारखा वागणारा) हवा? आणि रात्री कॅबिनेट न लावता नुसत्या लोडवर (स्पीकरच्या जागी अँपची शक्ती जिरवणाऱ्या खोक्यावर), हेडफोन घालून वाजवलं तर चालेल का?

बिनधास्त_बेसी
५ वॉटचं छोटं अँप घे, विषय संपला.

अनुनाद
@बिनधास्त_बेसी, संपत नाही ना! ५० वॉटवरून ५ वॉटवर आलात म्हणजे फक्त १० डेसिबल कमी झाले. कानाला साधारण निम्मा आवाज वाटतो, बस. गिटारचे बरेच स्पीकर १ वॉटला १ मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास देतात. म्हणजे ५० वॉटला ११७ आणि ५ वॉटला १०७. बंद खोलीत १०७ डेसिबल म्हणजे कानाला त्रासच. घरात वाजवायचं तर अर्ध्या वॉटच्याही खाली यावं लागतं. आणि तारस्वरना त्यांच्याच अँपचा सूर हवाय, दुसऱ्या अँपचा नाही.

सोल्डरवाला
तारस्वर, प्रश्न अगदी बरोबर विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी ट्यूब अँप दुरुस्त करतो, त्यामुळे जळालेले ट्रान्सफॉर्मर हातात येतात आणि ते का जळाले हेही बघायला मिळतं.

धोका अटेन्युएटरमुळे नसतो, लोड तुटण्यामुळे असतो. पॉवर ट्यूबच्या प्लेटवर ४००-५०० व्होल्ट डीसी असतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (ट्यूबच्या बाजूच्या वेटोळ्यातून) करंट वाहतो आणि त्याची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते. सेकंडरीला (स्पीकरच्या बाजूच्या वेटोळ्याला) स्पीकर किंवा लोड असेल तर त्या ऊर्जेला वाट मिळते. सेकंडरी उघडी असेल आणि तुम्ही जोरात वाजवलंत, तर ट्यूब बंद होताना करंट एकदम तुटतो आणि प्रायमरीवर हजारो व्होल्टची उसळी येते. ती उसळी जिथे इन्सुलेशन सगळ्यात कच्चं असेल तिथून फुटते. कधी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत, कधी ट्यूबच्या सॉकेटवर.

सॉकेटवर फुटलं की खूण सोडून जातं. ईएल३४ किंवा ६एल६ च्या आठ पिनी सॉकेटवर तीन नंबरची पिन प्लेटची आणि तिच्या शेजारची दोन नंबरची हीटरची. या दोघींच्या मधे केसाएवढी बारीक काळी रेघ दिसते, नखाने खरवडली तरी जात नाही. ती कोळशाची असते आणि तिच्यातून वीज वाहते. म्हणजे एकदा ठिणगी पडली की पुढच्या ठिणगीला रस्ता तयार. असा सॉकेट स्वच्छ करून चालत नाही, बदलावाच लागतो.

आता लोड तुटतो कसा? सैल जॅक. आतून तुटलेली केबल. अँप चालू असताना कोणीतरी उपसलेली केबल. अटेन्युएटरच्या आत जळून उघडा पडलेला रेझिस्टर. रोटरी स्विच फिरवताना दोन टप्प्यांच्या मधे क्षणभर सुटणारा संपर्क. नाव 'अटेन्युएटरने अँप जाळलं' असं होतं, पण खरं कारण बहुतेक वेळा या यादीत सापडतं.

म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: ट्यूब अँप चालू आहे तोवर त्याच्या स्पीकर जॅकला योग्य ओहमचं काहीतरी घट्ट जोडलेलं असलंच पाहिजे. आधी जोडणी, मग अँप चालू. आधी अँप बंद, मग केबल काढा. इम्पिडन्सचा (ओहमचा) सिलेक्टरसुद्धा अँप बंद असतानाच फिरवा.

नवशिक्या_सहातारी
एक शंका. माझं ट्रान्झिस्टरचं अँप आहे, त्याचा स्पीकर काढून मी लाइन आउटवरून रेकॉर्ड करतो. काहीच होत नाही. मग ट्यूबचंच असं का?

सोल्डरवाला
@नवशिक्या_सहातारी, कारण बहुतेक ट्रान्झिस्टर अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्याला मोकळं राहणं चालतं, शॉर्ट चालत नाही. ट्यूबचं नेमकं उलटं: थोडा वेळ शॉर्ट सोसतं, मोकळं सोसत नाही. म्हणूनच फेंडरच्या बऱ्याच अँपमध्ये मुख्य स्पीकर जॅक असा असतो की प्लग काढला की तो आपोआप शॉर्ट होतो. कोणी विसरलं तरी सेकंडरी उघडी पडू नये हा त्यामागचा विचार.

मंद्रसप्तक
सोल्डरवाला यांच्या प्रतिसादात वॉटचं राहिलं, ते जोडतो. '५० वॉट' हा आकडा अँप स्वच्छ वाजत असतानाचा. व्हॉल्यूम वर नेऊन लहरीचे माथे छाटले जायला लागले की लहर चौकोनी होत जाते. तितक्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लहरीत साइन लहरीच्या दुप्पट शक्ती असते. प्रत्यक्षात पॉवर सप्लायचं व्होल्टेज खाली बसतं म्हणून अगदी दुप्पट होत नाही, पण ५० वॉटचं अँप पूर्ण उघडलं तर ७०-८० वॉट सहज देऊ शकतं. आणि अटेन्युएटर घेणारा माणूस अँप पूर्ण उघडण्यासाठीच तर तो घेतो! त्यामुळे ५० वॉटच्या अँपला १०० वॉटचा लोड, याच्या खाली जाऊ नका.

ती सगळी शक्ती उष्णता होते. खोका हात ठेवल्यावर गरम लागणारच, ते ठीक आहे. पण त्याला हवा लागते. अँपच्या वरच्या जाळीवर, जिथून ट्यूबची गरम हवा बाहेर पडते, नेमकं तिथेच अटेन्युएटर ठेवतात लोक. शेजारी ठेवा, चारी बाजूंनी मोकळा. वर कापड, पुस्तक काही नको.

खर्ज
सगळं मान्य, पण रिअ‍ॅक्टिव्हचं फार स्तोम माजवलंय असं माझं स्पष्ट मत. मी साधा रेझिस्टिव्ह वापरतो, उत्तम चालतो. आवाज कमी केल्यावर 'सूर मेला' म्हणतात त्यातला बराच भाग कानाचा असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलंय की आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, मधला भाग तेवढा पुढे राहतो. वरून स्पीकरचा कागद हलायचा थांबतो, खोलीतली हवा हलायची थांबते. महागडा लोड लावला म्हणून यातलं काहीच परत येत नाही.

अनुनाद
खर्ज, कानाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण त्यावरून लोडमध्ये फरक नाही असं होत नाही.

१६ ओहमचा स्पीकर प्रत्येक स्वराला १६ ओहमचा नसतो. मल्टिमीटर लावलात तर डीसीला १२-१३ ओहम दाखवेल. वाजवताना त्याच्या अनुनादाच्या जागी, बंद कॅबिनेटमध्ये साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, इम्पिडन्स कित्येक पट वर उसळतो. ४०० हर्ट्झच्या आसपास तो सगळ्यात खाली येतो आणि पुढे व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे चढतच जातो. ट्यूब अँप या चढउताराच्या मागे मागे जातं: जिथे इम्पिडन्स जास्त तिथे व्होल्टेज जास्त. खालचा गडगडाट आणि वरची धार तिथून येते. तुम्ही सपाट रेझिस्टर लावलात की अँपला चढउतार दिसतच नाही. सूर बुळबुळीत होतो आणि पिक मारल्यावर जो उलटा धक्का हाताला जाणवतो तो जातो.

रिअ‍ॅक्टिव्ह लोडमध्ये इंडक्टर आणि कपॅसिटर लावून हाच आलेख तयार केलेला असतो. वेबर कंपनीने तर खऱ्या स्पीकरची मोटर, कागदाशिवाय, आत बसवली.

खर्ज
अनुनाद, आलेख मलाही माहीत आहे. दोन गोष्टी सांगतो. एक, ज्या अँपमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) भरपूर असतो ते या चढउतारामागे कमी धावतं, तिथे फरकही कमी. दोन, मी फक्त ६-८ डेसिबल उतरवतो. तेवढ्यावर अँपला रेझिस्टरच्या पलीकडून खरा स्पीकर बऱ्यापैकी दिसतच राहतो. ज्यांना २०-३० डेसिबल उतरवायचेत त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं बरोबर.

अनुनाद
हे पटलं. तारस्वरना मात्र २० च्या पुढे जावं लागणार. ५० वॉटमधून २० डेसिबल काढले की अर्धा वॉट उरतो, ३० काढले की ०.०५. घरातलं वाजवणं या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी बसतं.

बिनधास्त_बेसी
तारस्वरच्या शेजाऱ्यांच्या वतीने सर्व सभासदांचे जाहीर आभार :)

जुनी_लहर
थोडं विषयांतर, पण मजेशीर आहे. हे खोके नवे नाहीत. बोस्टन बँडचे टॉम शोल्झ हे मुळात इंजिनिअर. त्यांनी १९८० च्या सुमारास पॉवर सोक काढला, रेझिस्टरच्या तत्त्वावरचा. पुढे टीएचडीचा हॉट प्लेट आला, त्यात प्रत्येक इम्पिडन्सला वेगळा खोका: १६ ओहमच्या अँपला १६ चाच. मार्शलने पॉवर ब्रेक काढला. आणि अलीकडे विचारच बदलला: आवाज 'कमी' करण्याऐवजी अँपची सगळी शक्ती रिअ‍ॅक्टिव्ह लोडमध्ये जिरवायची, त्यातून बारीकसा सिग्नल काढायचा आणि तो दुसऱ्या पॉवर अँपने हवा तेवढा मोठा करून स्पीकरला द्यायचा. फ्रायेटचा पॉवर स्टेशन असा आहे. यात आवाज कितीही खाली नेला तरी तुमच्या अँपला दिसणारा लोड बदलत नाही, हा मोठा फायदा.

गिटारवादक एडी व्हॅन हेलन व्हॅरिअ‍ॅक (घरच्या विजेचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून अँपला कमी व्होल्टेज द्यायचे, तेही बरेच जण करून बघतात. पण व्हॅरिअ‍ॅकने प्लेटबरोबर हीटरचे ६.३ व्होल्टही खाली येतात, बायसही (ट्यूबमधून न वाजवताना किती करंट वाहायचा ते ठरवणारं व्होल्टेज) हलतो. घरी त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

गुंजन_एम
केबलबद्दल कोणीच बोललं नाही! अँप ते लोड आणि लोड ते कॅबिनेट, दोन्हीकडे स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल बाहेरून तशीच दिसते, प्लगही तोच, म्हणून गफलत होते. प्लगची टोपी फिरवून आत बघा. दोन सारख्या जाड तारा शेजारी शेजारी असतील तर स्पीकर केबल. मधे एक बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी विणलेली असेल तर गिटारची. ती बारीक तार मोठ्या करंटने तापते, वितळून तुटली की लोड गेला. जाळीला चिकटली तर शॉर्ट.

लोडच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या खोक्याला) मात्र साधी केबल चालते, तो सिग्नल लहान असतो. आणि अँपचा स्पीकर जॅक थेट ऑडिओ इंटरफेसला कधीही लावू नये. इंटरफेस जाईल आणि अँपला लोड नाही म्हणून अँपही जाईल.

नवशिक्या_सहातारी
गुंजन_एम, लगेच उघडून बघितलं. जाळीवाली निघाली, पण ती गिटारलाच लावतो, हुश्श!

ओहम जुळले नाहीत तर काय होतं? मित्राकडे ८ ओहमचा लोड आहे आणि अँप १६ वर चालतं.

सोल्डरवाला
मित्राच्या अँपला ८ चा जॅक किंवा सिलेक्टर असेल तर ८ वर आणावा, प्रश्न मिटला. लक्षात ठेवायचं ते हे: सिलेक्टर लोडशी जुळवायचा. लोडच्या पलीकडे १६ चं कॅबिनेट असेल तरी अँपला लोड दिसतो, कॅबिनेट नाही.

नसेलच तर समजून घ्या. दोन ईएल३४ च्या अँपचा ट्रान्सफॉर्मर ट्यूबना साधारण साडेतीन हजार ओहम दाखवतो. १६ च्या जागी ८ लावलात की ते निम्मे होतात: ट्यूब जास्त करंट ओढतात, लवकर झिजतात. उलटं, ८ च्या जागी १६ लावलात की ते दुप्पट होतात: ट्यूबमधल्या स्क्रीन ग्रिडवर ताण येतो आणि व्होल्टेजच्या उसळ्या वाढतात.

खर्ज
दुपटीचा फरक बहुतेक अँप सोसतात. फेंडरवाले तर पूर्वीपासून जास्तीचं कॅबिनेट जोडून हेच करत आलेत.

सोल्डरवाला
खर्ज, मध्यम आवाजावर सोसतात. पण अटेन्युएटरवाला अँप तासन् तास पूर्ण ताणून चालवतो, आणि तिथे मी सूट देणार नाही. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेण्यापेक्षा सिलेक्टर फिरवणं सोपं.

प्रतिध्वनी
हेडफोनचा प्रश्न मागेच राहिला, तो घेते.

तारस्वर, नुसत्या लोडवर जरूर चालेल. मी बहुतेक वेळ तसंच वाजवते. अट एवढीच की खोका 'लोड' असला पाहिजे, म्हणजे स्पीकर न लावताही अँपची सगळी शक्ती पचवणारा. काही साध्या अटेन्युएटरना पलीकडे स्पीकर असावाच लागतो, त्यांच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय स्पीकर काढू नका.

लोडच्या लाइन आउटमधून सिग्नल इंटरफेसला, तिथे कॅबिनेटचा आयआर (कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल), मग हेडफोन. आयआर नसेल तर आवाज भुंग्यासारखा झोंबतो, कारण गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच गाळून टाकतो आणि इथे तो स्पीकरच नाही. युनिव्हर्सल ऑडिओच्या ओएक्ससारख्या खोक्यात कॅबिनेटचं काम आतच होतं. टू नोट्सच्या कॅप्टरमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह लोड आणि स्पीकरसाठी ठरावीक २० डेसिबलची उतरण आहे. सूर (Suhr) कंपनीचा रिअ‍ॅक्टिव्ह लोड हा निव्वळ लोड, त्याला स्पीकर जोडायचाच नसतो.

पहिल्यांदा लोडवर वाजवाल तेव्हा हेडफोन काढून कान द्या. अँपमधून अगदी बारीक, चिरका, पण तुम्ही वाजवताय तोच सूर ऐकू येईल. तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आणि लोडमधल्या इंडक्टरचा. घाबरून केबल उपसू नका! काही बिघडलेलं नसतं.

तारस्वर
प्रतिध्वनी, हे सांगितलंत ते फार बरं झालं. मी नक्कीच दचकलो असतो.

आता एक वेगळी शंका. आवाज कमी झाला म्हणजे ट्यूबनाही आराम मिळतो का?

मंद्रसप्तक
नाही. आवाज पलीकडे कमी झाला, अलीकडे अँप पूर्ण ताणूनच चाललंय. पूर्वी कान दुखले की आपण थांबायचो, आता कोणी थांबवत नाही, म्हणून पॉवर ट्यूब जास्त झिजतात. अधूनमधून दिवे घालवून ट्यूबकडे बघत जा. हीटर नारिंगी दिसणारच, पण प्लेटच्या राखाडी पत्र्यावर लाल डाग दिसला तर तिथल्या तिथे अँप बंद करा. बायस तपासून घ्या. व्हॉल्यूम दहावर ठेवायची गरजही नसते. तुमचं अँप सहा-सातलाच बोलतं ना? मग तिथेच ठेवा.

नवशिक्या_सहातारी
८ ओहमचा एल-पॅड (स्पीकरचा आवाज कमी करायचा नॉब) आणून घरीच खोका केला तर?

सोल्डरवाला
अगदी लहान, ५ वॉटच्या अँपला ठीक. ५० ला नको. एल-पॅडवर लिहिलेले वॉट गाण्याच्या चढउतारासाठी धरलेले असतात, सतत चिरफाळलेल्या गिटारसाठी नाही. आतली पट्टी एका जागी तापते आणि तुटते. रेझिस्टरने करायचाच असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचे, जाड हीटसिंकवर पेस्ट लावून घट्ट कसलेले. हीटसिंक नसेल तर '१०० वॉट' लिहिलेला रेझिस्टर त्याच्या निम्मेही सोसत नाही. आणि अँप उघडून आत काही करायला जाऊ नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर राहू शकतात, जीवावर बेतेल.

जाणकाराकडून एक गोष्ट मात्र करून घेता येते. स्पीकर जॅकला आतून समांतर, २२० ते ४७० ओहमचा ५-१० वॉटचा रेझिस्टर. सुरात फरक पडत नाही, पण केबल निघालीच तर सेकंडरी पूर्ण उघडी पडत नाही. याच्या भरवशावर स्पीकरशिवाय वाजवू नका, तो अपघातापुरता आहे.

तारस्वर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: १०० वॉटचा, १६ ओहमचा रिअ‍ॅक्टिव्ह लोड, ज्याला स्पीकरसाठी उतरण आहे आणि लाइन आउटही आहे. सिलेक्टर १६ वर, दोन नव्या स्पीकर केबल. पहिल्यांदा लावण्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल का?

गुंजन_एम
येईल. अँपच्या बाजूची केबल लोडच्या इनपुटला लावा, अँपला लावू नका. त्या मोकळ्या प्लगच्या टोकावर आणि बाहीवर मल्टिमीटर धरा. १६ च्या लोडला काही ओहम, साधारण दहा ते सोळाच्या मधे, दिसले पाहिजेत. आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या खोक्यांत आकडा बराच कमी येतो, तेही चालतं. मीटरने 'उघडं' दाखवलं तर मात्र लावूच नका. आकडा बघता बघता केबल दोन्ही टोकांना हलवा आणि खोक्याचा नॉब प्रत्येक टप्प्यावर फिरवा. आकडा मधेच उडाला तर केबल किंवा स्विच सदोष.

मंद्रसप्तक
आणि खोक्यावर 'थ्रू' नावाचा जॅक असेल तर आधी माहितीपत्रक बघा. काहींमध्ये तो इनपुटला थेट समांतर असतो. तिथे १६ चं कॅबिनेट लावलंत तर अँपला १६ आणि १६ मिळून ८ दिसतील, आणि कॅबिनेट पूर्ण आवाजात वाजेल.